बायकोच्या नावाचं हॉटेल : कॅप्टन कृष्णन नायर यांची आठवण

आडवाधागा

मुंबईच्या विमानतळावरून रिक्षा केली की रिक्षावाला विचारतो, "लीलाच्या बाजूने घेऊ का?" सहार, मरोळ, चकाला या पट्ट्यात लीला हे आता माणसाचं नाव राहिलेलंच नाही. एखादा नाका असावा तसं ते ठिकाण झालंय. ही लीला कोण, असं विचारणारा मात्र मला अजून भेटला नाही. ती तिथल्या लीला हॉटेलच्या मालकाची बायको.

माझी सगळी नोकरी कापड निर्यातीत गेली, मर्चंडायझर म्हणून. त्यामुळे कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर हे नाव मी हॉटेलवाल्याचं म्हणून नाही, कापडवाल्याचं म्हणून आधी ऐकलं. १७ मे २०१४ रोजी ते मुंबईत वारले, वयाच्या ९२व्या वर्षी. तेव्हा वाचलेले मृत्युलेख बहुतेक एकाच वाक्यापासून सुरू होत होते : पासष्टीला आलेल्या माणसाने पहिलं हॉटेल काढलं. ते खरंच आहे. पण असं सांगितलं की आधीची साठ-पासष्ट वर्षं नुसती प्रस्तावना वाटायला लागतात. मला त्या प्रस्तावनेबद्दलच लिहायचंय.

जन्म ९ फेब्रुवारी १९२२, केरळातलं कण्णूर. घरची परिस्थिती बेताची. शाळेत असताना चिरक्कलच्या राजांसमोर या मुलाने कविता म्हटली आणि राजांनी खूश होऊन त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलला, ही गोष्ट त्यांच्याबद्दलच्या बहुतेक लेखांत येते. कोवळ्या वयातच केरळचे नेते ए. के. गोपालन यांच्या प्रभावाने स्वातंत्र्य चळवळीकडे ओढा. मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अबटाबादला वायरलेस ऑफिसर. होय, तेच अबटाबाद, जे २०११ साली वेगळ्याच कारणाने, लादेनमुळे, जगाला कळलं. तिथून पुढे मराठा लाइट इन्फंट्री आणि कॅप्टनपद. कण्णूरचा नायर मराठ्यांच्या पलटणीत! हे कळलं तेव्हा मला उगाचच ते आपल्याकडचे वाटायला लागले.

१९५० मध्ये लीलाशी लग्न. सासरे ए. के. नायर कण्णूरचे कारखानदार, हातमागाच्या कापडातले. कण्णूरला या कापडाची मोठी परंपरा. बासेल मिशनने तिथे एकोणिसाव्या शतकातच विणकामाचे कारखाने काढले होते. लग्नानंतर एक-दोन वर्षांत कॅप्टनसाहेबांनी फौज सोडली आणि सासऱ्यांच्या धंद्यात उतरले. १९५२ साली ऑल इंडिया हँडलूम बोर्ड स्थापन झालं, त्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता.

आता ती गोष्ट, जी आमच्या धंद्यात प्रत्येक नवीन पोराला कोणीतरी चहा पिताना सांगतंच.

१९५८ साल. न्यूयॉर्कचा कापड आयातदार विल्यम जेकबसन मुंबईत आला. नायरांनी त्याला मद्रासचं चौकड्याचं कापड दाखवलं : हातमागाचं, वनस्पतीच्या रंगात रंगवलेलं, भडक, तिळाच्या तेलाचा वास येणारं. भाव ठरला वाराला एक डॉलर. नायरांनी बजावलं की हे थंड पाण्यात हलक्या हाताने धुवायचं, नाहीतर रंग जातो. जेकबसनने १०,००० वार कापड ब्रूक्स ब्रदर्स या अमेरिकेतल्या कपड्यांच्या कंपनीला विकलं आणि धुण्याची सूचना द्यायचा विसरला. ब्रूक्स ब्रदर्सने शर्ट, पँट, कोट शिवले. गिऱ्हाइकांनी ते मशीनमध्ये टाकले. पुढचं सांगायला नको. तक्रारी आल्या, वकील आले, नायरांना अमेरिकेला बोलावणं आलं.

इथे आमच्यासारख्यांनी काय केलं असतं ते मला नेमकं माहीत आहे, कारण मी ते केलंय. एकदा आमच्या मालाचा रंग गेला. खरेदीदाराचा फॅक्स सकाळी आला आणि दुपारपर्यंत माफीचं पत्र आणि सूट दोन्ही गेलं. त्यात वर असंही लिहिलं की पुन्हा असं होणार नाही. झालं, अर्थात.

नायरांनी माफी मागितली नाही. एका वकिलाने त्यांची गाठ 'सेव्हन्टीन' मासिकाच्या संपादिकेशी घालून दिली. तिला त्यांनी सांगितलं की हे खास कापड आहे, रंग जाणं हाच त्याचा गुण, दर धुण्याला ते नवं दिसतं. नाव 'ब्लीडिंग मद्रास', म्हणजे रंग सोडणारं मद्रास. मासिकाने पानंच्या पानं छापली, फोटोंसकट, आणि दुकानात मागणीची रीघ लागली. पुढे जाहिरातीतच लिहायला लागले : रंग जाणार याची हमी!

धंदा वाढला. लेसचा कारखाना निघाला, त्याचं नाव 'लीला लेस'. मुंबईत सहारला बस्तान बसलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय टर्मिनल अगदी शेजारी येऊन बसलं आणि १९८६-८७ च्या सुमारास तिथे हॉटेल उभं राहिलं. त्यालाही तेच नाव. नंतर गोवा, बंगळुरू, उदयपूर, दिल्ली, चेन्नई. २०१० साली पद्मभूषण. फेब्रुवारी २०१३ मध्ये, ९१ पूर्ण झाल्यावर, अध्यक्षपद सोडलं. विवेक आणि दिनेश हे दोघे मुलगे धंद्यातच होते, त्यांच्याकडे कारभार गेला.

मला या माणसाबद्दल जे वाटतं ते असं : फौज, कापड, हॉटेल हे तीन वेगळे जन्म नाहीत. बायकोच्या माहेरचा हातमागाचा धंदा हा उभा ताणा, बाकी सगळं त्यात आडवं विणलं गेलं. तुम्हाला काय वाटतं? आणि कोणाला त्यांच्या पलटणीच्या दिवसांबद्दल काही माहीत असेल तर जरूर लिहा.

---

मोरपंखी

सुंदर लिहिलंय. लीला कोण हे खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं. मला वाटायचं, रासलीलेतली लीला असेल.

---

हिशेबनीस

लेख आवडला, पण अर्धाच आहे. शेवटची दहा वर्षं कुठे गेली? २००७ मध्ये दिल्लीच्या चाणक्यपुरीतली तीन एकर जागा लिलावात ६११ कोटींना घेतली. हॉटेल उभं राहायच्या आत २००८ ची मंदी आली. हॉटेल सुरू झालं २०११ मध्ये, आणि त्याच साली कोवलमचं हॉटेल ५०० कोटींना विकावं लागलं. २०१२ मध्ये कर्जाची पुनर्रचना. ते गेल्यानंतर पाच वर्षांत, २०१९ साली, कॅनडाच्या ब्रुकफील्ड कंपनीने चार हॉटेलं आणि ब्रँड ३,९५० कोटींना घेतला. घराण्याच्या कंपनीकडे राहिलं ते मुंबईचं, म्हणजे जिथून सुरुवात झाली तेच. आठवण काढायची तर खातेवहीची दोन्ही पानं उघडा.

---

आडवाधागा

@हिशेबनीस, मुद्दा मान्य. मुद्दाम वगळलं नाही, पण मृत्युलेख लिहिणाऱ्यांना नावं ठेवता ठेवता मी त्यांचंच केलं म्हणायचं. कोवलमचा व्यवहार झाला तेव्हा ते ८९ वर्षांचे होते. केरळमधलं, आपल्या मुलखातलं हॉटेल विकताना काय वाटलं असेल, हा प्रश्न मात्र ताळेबंदात येत नाही.

---

हिशेबनीस

ताळेबंदात येत नाही हे खरं. पण व्याज वाट बघत नाही ना ताई. हॉटेलच्या धंद्यात मेख अशी की पैसा आज जमिनीत आणि संगमरवरात जातो, आणि खोल्या भरायला वर्षं लागतात. तोवर कर्जाचं मीटर चालू. त्यात राजवाड्यासारखंच बांधायचं हा हट्ट असेल तर खोलीमागचा खर्च इतका चढतो की भाडं कितीही लावा, पुरत नाही. कापडात तसं नसतं. कापडात माल गेला, पैसे आले, पुढचं सूत घेतलं. मला वाटतं कापडवाल्याची हिंमत त्यांनी हॉटेलात वापरली. पहिल्या हॉटेलला ती फळली, कारण जागा आधीपासून हातात होती. दिल्लीला जागाच लिलावाच्या भावाने घेतली.

---

सुतीसाडी

वा! "जागा आधीपासून हातात होती" हे या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. लोक पासष्टीतली जिद्द बघतात. शेजारी विमानतळ आला हे कोणी बघत नाही.

---

गल्लीतला

म्हणजे नशीबच की हो शेवटी.

---

सुतीसाडी

नशीब प्रत्येकाच्या शेजारी येऊन बसतं असं नाही, पण सहार गावठाणात आणखीही जमीनमालक होते. विमानतळ सगळ्यांच्याच शेजारी आला. बऱ्याच जणांच्या वाट्याला विमानांचा आवाज आला, इतकंच. (मी त्याच भागात वाढले, म्हणून बोलते.)

---

निवृत्तपलटण

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालोय. कॅप्टन नायरांचा काळ माझ्या जन्माआधीचा, त्यामुळे त्यांच्याबद्दल ऐकीव काही सांगणार नाही. पलटणीबद्दल सांगतो.

रेजिमेंट सेंटर बेळगावला. सगळ्यात जुनी बटालियन १७६८ ची, तिला आम्ही जंगी पलटण म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात नाव होतं ५वी मराठा लाइट इन्फंट्री. इटलीच्या आघाडीवर नाईक यशवंत घाडगे (जुलै १९४४, मरणोत्तर) आणि शिपाई नामदेव जाधव (एप्रिल १९४५) या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नायर ज्या पलटणीत आले ती तेव्हा या दोन नावांनी भारलेली होती.

कण्णूरचा अधिकारी मराठ्यांत कसा, याचं नवल नको. जवान एका प्रांताचे असले तरी अधिकारी कुठलाही असू शकतो. उलट बाहेरून आलेल्या साहेबाला जवानांची भाषा शिकावी लागते, त्यांच्याबरोबर गणपती बसवावा लागतो, घोषणा द्यावी लागते "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय". माझे एक तमिळ सीओ (कमांडिंग ऑफिसर) होते, त्यांच्या शिव्या अस्सल साताऱ्याच्या होत्या. प्रेमाने म्हणतोय.

दुसरं म्हणजे हुद्दा. फौज सोडल्यावर साठ वर्षं "कॅप्टन" लावायचं का, हा प्रश्न येणारच म्हणून आधीच सांगतो. आमच्यात म्हणतात, अधिकारी निवृत्त होतो, हुद्दा नाही. लिहिताना हुद्दा, नाव आणि पुढे कंसात निवृत्त, अशी पद्धत आहे.

---

गल्लीतला

साहेब, पण एक शंका. स्वातंत्र्य चळवळीत असलेला माणूस इंग्रजांच्या फौजेत कसा काय जातो? आणि पुन्हा त्याचा कोणाला त्रास होत नाही?

---

निवृत्तपलटण

त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण त्या युद्धात पंचवीस लाख हिंदी माणसं भरती झाली, सगळी स्वखुशीने, सक्तीची भरती नव्हती. माझे आजोबा गेले ते दुष्काळामुळे. त्यांचे धाकटे भाऊ बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात होते. दोघे एकाच पंगतीला बसत. युद्ध संपल्यावर आजोबा शेतीकडे वळले आणि धाकट्या आजोबांना पुढे स्वातंत्र्यसैनिकाचं पेन्शन मिळालं, त्यावरून आजी मरेपर्यंत टोमणे मारायची. बाकी कोणाला त्रास झाला नाही.

---

मोरपंखी

आजींचे टोमणे हाच एक वेगळा धागा व्हायला हवा!

---

निवृत्तपलटण

पेन्शनवरून आणखी एक. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी आज वीस वर्षांची नोकरी लागते. नायरांनी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच राजीनामा दिला, म्हणजे फार तर आठ-दहा वर्षं. नवीन लग्न, महिन्याचा पगार बंद. आमच्यातली मुलं आज बाहेर पडतात तेव्हा पुनर्वसनाच्या योजना असतात, पेट्रोल पंपात आरक्षण असतं, सिक्युरिटी एजन्सी काढता येते. तरी पहिली दोन वर्षं माणूस सैरभैर असतो, कारण सकाळी कुणी हजेरी घेत नाही. त्यांच्या वेळेला सासरेच पुनर्वसन महासंचालनालय!

---

खडूफळा

लेखाचा रोख आवडला, पण "बायकोच्या माहेरचा धंदा" वाचताना मराठी वाचकाच्या मनात लगेच "घरजावई" हा शब्द येतो आणि त्याबरोबर नाक मुरडणं. म्हणून थोडी भर. मलबारातले नायर मातृवंशीय होते. मरुमक्कत्तायम म्हणतात त्या पद्धतीला. घर आईकडून लेकीकडे जायचं, त्या घराला तरवाड म्हणत, आणि कारभार मामा बघायचा. नवऱ्याने बायकोच्या घरी येणंजाणं हीच रीत. १९३३ च्या मद्रास कायद्याने त्यात बदल सुरू झाला आणि १९७६ मध्ये केरळात एकत्र कुटुंब पद्धतच कायद्याने संपली. १९५० साल त्या बदलाच्या मधलं. त्यामुळे जावयाने सासऱ्याच्या धंद्यात जाणं याला तिकडे आपल्यासारखा वास नसावा.

कारखान्याला आणि हॉटेलला बायकोचं नाव देणं याकडेही मी तसंच बघतो. आपल्याकडे "अमुक आणि सन्स" अशा पाट्या. बायकोचं नाव फार तर बंगल्याला किंवा लाँचला.

---

आडवाधागा

@खडूफळा, हे मला माहीत नव्हतं, आणि लेखाचा कणाच बदलला की हो तुम्ही. मी त्या नावात नवऱ्याचं प्रेम बघत होते. तुम्ही म्हणता त्यात घराचं नाव चालवणंही येतं. दोन्ही असेल.

---

सुतीसाडी

मला मात्र एक खटकतं. नाव सगळीकडे बाईंचं, पण आपण इतकं बोलतोय त्यात बाईंबद्दल एक ओळ तरी आहे का? त्या काय करायच्या, काय म्हणायच्या? ज्यांच्या नावाने रिक्षा थांबते त्यांच्याबद्दल आपल्याला "कारखानदाराची मुलगी, कॅप्टनची बायको" यापलीकडे काही सापडत नाही. नाव दिलं म्हणजे जागा दिली असं होत नाही.

---

मोरपंखी

+१

---

गल्लीतला

+१. आमच्या गल्लीत "मातोश्री" नावाचे तीन बंगले आहेत आणि तिन्हींमधल्या मातोश्री गावाला असतात.

---

आडवाधागा

@सुतीसाडी, यावर माझ्याकडे उत्तर नाही. शोधलं, पण मिळालं ते सगळं नवऱ्याच्या तोंडून आलेलं.

---

रंगारी_नातू

उशिरा येतोय. आमच्या आजोबांचा रंगखाना होता, सूत रंगवायचे, म्हणून राहवत नाही. "वनस्पतीचा रंग म्हणजे कच्चा रंग" असा समज लेखातून होईल, तो होऊ नये.

मंजिष्ठेचा लाल तुरटी लावून रंगवला तर नातवंडांपर्यंत टिकतो. तुरटी धाग्याला धरते आणि रंग तुरटीला धरतो. आधी हिरड्याच्या पाण्यात सूत बुडवलं तर आणखी घट्ट. म्हणजे तिथे रंग जायचं कारण नाही, घाई केली नसेल तर.

निळीचं वेगळं. नीळ पाण्यात विरघळतच नाही. तिला पिंपात आंबवून विरघळणारं रूप द्यायचं, सूत बुडवायचं. पिंपातून काढलं की हिरवट पिवळं दिसतं आणि वाऱ्यावर धरलं की डोळ्यांदेखत निळं होतं. लहानपणी मला ती जादूच वाटायची. पण जी नीळ आत न शिरता वरच बसते ती घासली की सुटते. थोड्या थोड्या बुडव्या देत बऱ्याच वेळा रंगवलं तर कमी सुटते, एकदाच गडद बुडवलं तर जास्त. एकदाच बुडवणं स्वस्त पडतं, हे सांगायला नको.

हळद तर विचारूच नका. उन्हात उडते आणि साबण लागला की लाल होते. हळदीचा डाग पडलेल्या सदऱ्यावर घरोघरी बघितलं असेल.

आता हे तिन्ही रंग एका चौकड्यात शेजारी शेजारी. मद्रासमध्ये सूत आधी रंगवतात आणि मग विणतात, म्हणून कापड दोन्ही बाजूंनी सारखं. धुतलं की निळा शेजारच्या पिवळ्यात उतरतो, मध्ये हिरवट छटा येते, कडा मऊ होतात. त्यामुळे नायरांनी त्या संपादिकेला दर धुण्याला नवं दिसतं असं जे सांगितलं, त्यात थाप फार नव्हती. आजोबा याला "रंग गेला" म्हणाले असते आणि कारागिराचे पैसे कापले असते, हा भाग वेगळा.

---

आडवाधागा

@रंगारी_नातू, तुमचा प्रतिसाद मूळ लेखात घालायला हवा होता. एवढी वर्षं कलर फास्टनेसचे, म्हणजे रंग किती पक्का याचे, रिपोर्ट वाचले, ग्रे स्केलवर गुण तीन की साडेतीन यावर भांडले, पण पिवळ्या-निळ्याचं भांडण असं कोणी समजावलं नव्हतं.

---

शंकेखोर

गोष्ट छान आहे, पण मला ती जरा जास्तच गुळगुळीत वाटते. धंदेवाल्याने स्वतःबद्दल वर्षानुवर्षं सांगितलेल्या गोष्टीला असा गुळगुळीतपणा येतो. शिवाय अमेरिकेला मद्रास कापड १९५८ मध्ये नवं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या कॅटलॉगात मद्रासचे शर्ट होते. त्याही आधी, मद्रासचा गव्हर्नर राहिलेल्या एलिहू येल याने एका छोट्या कॉलेजला मालाचे नऊ गठ्ठे देणगी दिले, ते विकून ५६० पौंडांच्या वर पैसे आले आणि १७१८ साली कॉलेजला त्याचं नाव मिळालं. तेच येल विद्यापीठ. म्हणजे कापड जुनं, गिऱ्हाईकही जुनं. नायरांनी नवीन काय केलं?

---

आडवाधागा

नाव दिलं. आणि तक्रारीला नाव देणं हे कापड विणण्याइतकंच कठीण आहे, असं मला तरी त्या फॅक्सच्या दिवसापासून वाटतं. बाकी गुळगुळीतपणाचं म्हणाल तर मान्य. ही गोष्ट सांगणाऱ्यात धुण्याची सूचना विसरणारा नेहमी जेकबसनच असतो. जेकबसनच्या तोंडून कोणी ऐकली असती तर कदाचित सूचनाच कोणी दिली नव्हती असं निघालं असतं.

---

हिशेबनीस

आणि इथेच माझा मघाचा मुद्दा परत येतो. ज्याने एकदा दोषाचा गुण करून दाखवला त्याला वाटू लागतं की कुठल्याही अडचणीला गोष्ट सांगून वळवता येईल. संपादिकेला वळवता येतं. बँकेच्या पतसमितीला वळवता येतं, पण फक्त पहिल्यांदा.

---

निवृत्तपलटण

हिशेबनीससाहेब, तुम्ही फार कडक. ८५ वर्षांचा म्हातारा दिल्लीच्या लिलावात बोली लावतोय याचं तुम्हाला काहीच वाटत नाही?

---

हिशेबनीस

वाटतं ना. पोटात गोळा येतो.

---

खडूफळा

:)) दोघांचंही बरोबर.

अवांतर : त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 'ग्लोबल ५००' सन्मानही मिळाला होता. हॉटेल आणि विमानतळाच्या परिसरात झाडं लावण्याचं मोठं काम त्यांनी केलं. सहारच्या रस्त्याने जाताना ती हिरवळ डोळ्यांना बरी वाटते, ती आपोआप उगवलेली नाही. लेखात याचा उल्लेख हवा होता.

---

सुतीसाडी

ती झाडं मी रोज बघत शाळेत जायचे. म्हणजे माझा सगळा राग त्यांच्यावर नाही हे नोंदवून ठेवते.

---

एकदातरी

नवीन सभासद आहे, पहिलाच प्रतिसाद, चुकलं तर सांभाळून घ्या. माझे वडील फौजेतून आल्यावर त्यांनी छोटी पिठाची गिरणी टाकली. गिरणीला आईचं नाव. पाटी रंगवणारा म्हणाला, "देवाचं नाव घाला, बरकत येते." वडील म्हणाले, "पंधरा वर्षं ही एकटी राहिली, देव कुठे राहिला?" वडील गेले त्याला आता चार वर्षं झाली. गिरणी भाऊ चालवतो. आई अजून पाटीकडे बघून म्हणते, माझं नाव त्या रंगाऱ्याने चुकीचं लिहिलंय, वेलांटी ऱ्हस्व काढलीये. पाटी बदलू देत नाही पण. हॉटेल आणि गिरणी यांची बरोबरी नाही, पण लेख वाचून लिहावंसं वाटलं.

---

आडवाधागा

@एकदातरी, चुकलं काहीच नाही. आईंना नमस्कार सांगा.

---

निवृत्तपलटण

@एकदातरी, कुठली पलटण होती वडिलांची? व्यक्तिगत निरोपातून कळवलंत तरी चालेल.

---

मोरपंखी

एक व्यावहारिक प्रश्न, हसू नका. सासऱ्यांच्या ट्रंकेत मद्रास चौकड्याचा एक जुना अर्ध्या बाह्यांचा शर्ट सापडलाय, साठच्या दशकातला म्हणतात. मिठाच्या पाण्यात भिजवला तर रंग राहील का?

---

रंगारी_नातू

मिठाने काही होत नाही, व्हिनेगरनेही नाही. आधी कोपऱ्याला ओला पांढरा फडका दाबून बघा, रंग सुटतो का. सुटत असेल तर एकटाच, थंड पाण्यात, पिळायचा नाही, उलटा करून सावलीत वाळवायचा. भिजवून ठेवू तर अजिबात नका, पाच मिनिटांत बाहेर. आणि इतक्या वर्षांत तो पुष्कळदा धुतला गेला असणार, सुटायचा तो रंग बहुतेक कधीच सुटून गेलाय. फोटो टाका, चौकडा बघायचाय.

---

मोरपंखी

टाकते रविवारी. सासरे म्हणतायत आधी इस्त्री करू दे.